बिल येते घरी, दर ठरतो कुठे?

गेल्या उन्हाळ्यात काटोल तालुक्यातल्या एका ओळखीच्या बागाईतदाराकडे मुक्कामाला होतो. संत्र्याला आंबिया बहाराची फळे धरलेली, बोराएवढी झालेली. संध्याकाळी ओसरीवर चहा झाला आणि घरच्या बाईंनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले कागद काढून समोर ठेवले.

"भाऊ, हे पाहा ना जी. पंपाचं बिल सरकार भरते म्हणतात, मंग घरचं बिल कायले वाढलं? अन् हे तिसरं कोणतं आलं, ठेवीचं? आमी तं कोणती ठेव मांगितली नोयती!"

बाजेवर बसलेले आबाजी हसले. "अवो सूनबाई, भाव वाढवनारा मुंबईत बसला असते. आपल्याले कोन इचारते?"

सूनबाईंचा प्रश्न खरा होता आणि आबाजींचे उत्तर अर्धेच खरे होते. दर ठरविणारा मुंबईत बसतो हे खरे. पण तो विचारीत नाही, हे खरे नव्हे. कायद्याने त्याला विचारावेच लागते, आणि विचारण्यासाठी तो नागपुरासही येत आला आहे. फक्त तो विचारतो तेव्हा आपण तिथे नसतो. हा लेख त्यासाठीच आहे. बी-बियाणे, खते, औषधे यांचे भाव आपण चार दुकानी विचारतो. विजेचे दुकान मात्र गावात एकच. म्हणून तिचा भाव कसा ठरतो आणि त्या भावाच्या बदल्यात काय मिळायला हवे, हे शेतकरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.

मंडळाचा काळ

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. वीज तयार करणे, ती वाहून आणणे, घरोघर देणे आणि तिचा दर ठरविणे ही चारही कामे मंडळच करी. नागपूरकरांना यात नवल नव्हते. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली. वीज इथे तयार होते आणि इथेच भारनियमन होते, अशी चेष्टाही आपण वर्षानुवर्षे करीत आलो.

त्या काळी दर वाढवायचे तर मंडळ आणि सरकार आपसांत ठरवीत. निवडणूक जवळ असली की वाढ लांबे, नसली की होई. ग्राहकाला कळे ते बिल हाती आल्यावर. १९७० च्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. पंप तीनचा असेल तर वर्षाला इतके, पाचचा असेल तर तितके. खेडोपाडी रीडिंगसाठी माणूस धाडण्यापेक्षा मंडळाला हे सोपे पडले आणि शेतकऱ्यालाही बरे वाटले. पण या सोयीतून एक घोळ जन्माला आला. शेतीला नेमकी किती वीज लागते हे कुणालाच मोजून सांगता येईना. त्या घोळाकडे पुढे येऊ.

मग दाभोळचे प्रकरण आले. एन्रॉन कंपनीशी १९९३ मध्ये करार झाला, १९९९ मध्ये तिथली वीज घेणे सुरू झाले आणि ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने करार मोडला. बंद दाराआड झालेल्या कराराचे ओझे शेवटी ग्राहकाच्या पाठीवर येते, हे त्यातून सगळ्यांना दिसले.

देशभर असेच चालले होते. म्हणून १९९८ मध्ये केंद्राने कायदा केला आणि त्याप्रमाणे ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. त्याचे कार्यालय मुंबईत आहे. एक अध्यक्ष आणि दोन सदस्य. यांचे काम पंचाचे. वीज विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मधे हा पंच. पुढे २००३ चा विद्युत कायदा आला. त्याला अनुसरून जून २००५ मध्ये मंडळाची विभागणी झाली. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उच्चदाबाच्या तारांवरून आणते आणि महावितरण ती आपल्या दारापर्यंत पोचवते. बिल देणारी ती महावितरण. मात्र बिलातला दर ती स्वतःच्या मर्जीने वाढवू शकत नाही.

दर बदलतो तो असा

महावितरणला दर बदलून हवा असेल तर तिला आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्याला याचिका म्हणतात. वीज विकत घ्यायला किती लागणार, पगार किती, दुरुस्ती किती, कर्जाचे व्याज किती, गळती किती, आणि सध्याच्या दराने जमा किती होणार, हा सगळा जमाखर्च त्यात मांडावा लागतो. जमेपेक्षा खर्च जास्त असेल तर त्यास तूट म्हणतात. ती भरून काढण्यासाठी कोणत्या वर्गाचा दर किती असावा, हेही कंपनी सुचवते.

यानंतरची पायरी आपल्या कामाची. याचिकेची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापावी लागते, मराठीतही. तिच्यात हरकती कुठे आणि किती तारखेपर्यंत पाठवायच्या, त्याच्या प्रती किती हव्यात आणि सुनावणी कोणत्या गावी होणार हे दिलेले असते. हरकत मराठीत लिहिलेली चालते. वकील लागत नाही, तोंडी म्हणणे मांडता येते. महावितरणच्या याचिकेवर मुंबईकडे, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशा विभागवार सुनावण्या होत आल्या आहेत. नागपुरास त्या वनामतीच्या सभागृहातही झाल्या आहेत. शेतीच्या प्रशिक्षणाची ही संस्था शेतकऱ्याला काही परकी नाही.

अर्ज दाखल करून घेतल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निकाल द्यावा असे कायदा सांगतो. कंपनीने मागितले तेवढे सगळे मिळतेच असे नाही. आयोग एकेक खर्च तपासतो आणि न पटलेला कापतो. आयोगाचा निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते.

हल्ली दर एका वर्षासाठी न ठरता काही वर्षांसाठी एकदम ठरतात आणि मधे एकदा त्यांचा आढावा होतो. ३० मार्च २०२० रोजी आयोगाने पाच वर्षांचा निकाल दिला, ३१ मार्च २०२३ रोजी त्याचा मध्यावधी आढावा घेतला. पुढच्या पाच वर्षांचा निकाल २८ मार्च २०२५ रोजी आला. तो दर कमी करणारा होता. त्याने आपले मोठे नुकसान होईल असे महावितरणने सांगितले आणि २ एप्रिल २०२५ रोजी आयोगाने आपल्याच निकालाला स्थगिती दिली. त्यानंतर २५ जून २०२५ रोजी फेरविचाराचा आदेश निघाला व १ जुलैपासून लागू झाला. फेरविचार करताना लोकांना पुन्हा ऐकले नाही, अशी तक्रार करीत काहीजण न्यायालयातही गेले. यातून घ्यायचा धडा असा की सुनावणी ही नुसती रीत नव्हे. ती झाली की नाही, यावर निकाल टिकणे न टिकणे अवलंबून असते.

शेतीच्या नावावर लिहिलेली वीज

आता तो राहिलेला घोळ. समजा एका गावच्या तारेवर महिन्याला हजार युनिट सोडली. घरांच्या मीटरवर चारशे निघाली. उरलेल्या सहाशेपैकी मीटर नसलेल्या पंपांनी किती ओढली आणि वाटेत गळून वा चोरून किती गेली? मोजणी नसली की अंदाज करावा लागतो. अंदाज करणाराच जर गळतीसाठी जबाबदार असेल, तर सहाशेतली जास्तीत जास्त युनिटे शेतीच्या नावावर लिहिण्याचा मोह त्याला होणारच. गळती कमी दिसते, कारभार चांगला दिसतो, आणि शेतकऱ्याच्या कपाळी "फुकट वीज पिणारा" असा शिक्का बसतो.

हा निव्वळ संशय नाही. शेतीपंपांच्या वापराचा छडा लावण्यासाठी आयोगाने अभ्यासगट नेमला होता. २०२० मध्ये त्याचा अहवाल आला, आणि शेतीचा वापर दाखविला जातो त्याहून कमी असल्याचे त्यातून निघाले. प्रयास ही पुण्याची संस्था आणि प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना हा मुद्दा कित्येक सुनावण्यांत मांडत आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. शेतीचा दर खर्चापेक्षा कमी ठेवला जातो आणि त्याचा काही भार कारखाने व दुकाने यांच्या दरावर पडतो. हिंगणा-बुटीबोरीचे कारखानदार शेजारच्या छत्तीसगडचा दर दाखवून कुरकुर करतात ती यामुळेच. त्यांची बाजू सुनावणीत मांडायला विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन असते. आयोगाने सुरुवातीच्या काळात ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून ज्या चार संस्था नेमल्या, त्यांत ही एक होती. बाकीच्या तीन म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास आणि ठाणे-बेलापूरच्या उद्योजकांची संघटना. या चौघांत शेतकऱ्यांची अशी संस्था एकही नव्हती. कारखानदार हिशेब घेऊन बसतो आणि शेतकरी बाहेर मोर्चा घेऊन उभा राहतो. मोर्चाला बातमीत जागा मिळते, पण निकालपत्रात जागा मिळते ती लेखी हरकतीला.

माफीचे पैसे कोण भरतो?

२००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राज्यात शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती बंद झाली. त्यानंतर थकबाकी, व्याजमाफी, हप्ते असे फेरे चालू राहिले. २५ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत ही सवलत असून तीन वर्षांनी आढावा घ्यायचा असे त्यात म्हटले आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी तीत येतात आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये सरकारने कंपनीला द्यायचे, असा त्या वेळचा हिशेब होता.

इथे नीट लक्ष द्यावे. दर माफ झालेला नाही. दर आयोगाने ठरविला तोच आहे, तो फक्त आपल्याऐवजी सरकार भरते. २००३ च्या कायद्याचे ६५ वे कलम सांगते की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तेवढे पैसे कंपनीला आगाऊ द्यावेत. न दिल्यास सवलतीचा हुकूम लागू राहत नाही आणि आयोगाचाच दर चालू होतो. म्हणजे आज शून्याचे बिल आले तरी शेतीचा दर काय ठरतो ते आपण पाहायला हवे. योजना संपली तर तोच दर आपल्या दाराशी येणार.

दुसरी बाब पंपाच्या नोंदीची. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. विहिरीवर पंप पाचचा आणि कागदावर साडेसातच्या वर, असे निघाले तर सवलत हुकते. म्हणून बिल शून्य असले तरी वाचावे, आणि नोंद चुकीची असल्यास भार तपासून दुरुस्त करण्याचा अर्ज द्यावा.

घरचे बिल कसे वाचावे?

आता सूनबाईंचा पहिला प्रश्न, घरचे बिल का वाढले?

घरगुती दर पायऱ्यांचा असतो. महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे ५०० पर्यंत आणखी जास्त, त्यावर चौथी पायरी. उन्हाळ्यात कूलर लागला की घर दुसऱ्या पायरीवर जाते. पहिली १०० युनिटे स्वस्त दरानेच मोजतात, महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

आता यातली गोम पाहा. मीटर वाचणारा एक महिना आला नाही आणि दोन महिन्यांची १८० युनिटे एकदम आली. ती एकाच महिन्याची धरली तर ८० युनिटे महाग पायरीत जातात. दोन महिन्यांत विभागली तर दर महिन्याला ९० होतात, म्हणजे सगळीच स्वस्त पायरीत राहतात. विभागणी झाली आहे की नाही ते बिलावर बघावे आणि झाली नसेल तर मागून घ्यावी.

दराखेरीज बिलात आणखी रकमा असतात. स्थिर आकार हा वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो. वहन आकार हा तारेवरून वीज आणण्याचा. इंधन समायोजन आकार हा कोळसा आणि विकत घेतलेली वीज यांच्या किंमतीप्रमाणे कमीजास्त होतो. या शेवटच्या रकमेमुळे दराची सुनावणी झालेली नसतानाही बिल चढू शकते. वीज शुल्क हा मात्र सरकारचा कर आहे, त्याचा आयोगाशी संबंध नाही. रागावण्यापूर्वी रक्कम कोणत्या रकान्यात वाढली ते पाहिले तर राग योग्य दाराशी नेता येतो.

२०२५ च्या निकालानंतर आणखी एक बदल झाला. वेळ नोंदविणारा नवा मीटर असलेल्या घरांना दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर सवलत ठेवली आहे. गिरणी, पाण्याची मोटार, इस्त्री ही कामे दिवसा उरकावीत असा त्याचा अर्थ. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरांना आधी पैसे भरण्याचे प्रीपेड मीटर बसविणार नाही असे जाहीर केले होते. तेव्हा मीटर बदलायला माणूस आला तर तो कोणत्या प्रकारचा आहे ते विचारावे आणि जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग त्याच्यासमोर लिहून ठेवावे.

आणि ते तिसरे बिल, ठेवीचे. वीज आधी वापरायची आणि पैसे नंतर द्यायचे, म्हणून कंपनी सुरक्षा ठेव घेते. पूर्वी ती सरासरी एका महिन्याच्या बिलाएवढी असे, २०२१ च्या नियमांनी मासिक बिलाच्या ग्राहकांसाठी दुप्पट झाली. गेल्या वर्षीचे बिल वाढले की ठेवही वाढवून मागतात. ही रक्कम बुडत नाही. तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते होते. एकदम भरणे जड जात असल्यास हप्ते मागता येतात. सूनबाईंनी हे ऐकून पहिल्यांदा जुन्या बिलातला व्याजाचा रकाना शोधून काढला. तो होता, पण त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पैसे घेता, तर सेवा कुठे?

दराइतकेच महत्त्वाचे सेवेचे नियम. तेही आयोगच करतो. मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना घ्यायच्या, मग नियम कायम करायचे. पहिली वीज पुरवठा संहिता आणि सेवेचे निकष २००५ मध्ये आले, २०१४ मध्ये निकष सुधारले आणि २०२१ मध्ये दोन्ही एकत्र करून नवे नियम झाले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट डीपीची. रोहित्र जळाले तर खेड्यात ते ४८ तासांत बदलून पुरवठा सुरू व्हावा, असे निकष सांगतात. उशीर झाला तर प्रत्येक ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. तासाला ५० रुपये हा दर पहिल्या निकषांपासून लोकांच्या परिचयाचा आहे. सध्याचा तक्ता २०२१ च्या नियमांना जोडलेला आहे. अर्जापूर्वी तो पाहून घ्यावा आणि मुदतीत मागणी करावी. डीपी सांभाळणे हे कंपनीचे काम आहे, शेतकऱ्यांनी वर्गणी काढून करायचे नव्हे.

दुसरी गोष्ट जोडणी तोडण्याची. थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती "हरकत राखून" असे लिहून भरावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. हे कायद्याच्या ५६ व्या कलमात आहे. देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली आणि बिलात सलग थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम अचानक काढून तिच्यासाठी वीज तोडण्यालाही हेच कलम आड येते.

तिसरी गोष्ट दाद मागण्याची. आधी आपल्या उपविभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तिथे काम न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. नागपुरातही तो आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत त्याच्याकडे जावे लागते. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्यात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर अशी दोन ठिकाणी आहेत, म्हणजे विदर्भातल्या माणसाला मुंबईची गाडी पकडण्याची गरज नाही.

नागपूर शहराने यातून एक अनुभव घेतलेला आहे. १ मे २०११ रोजी सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग या भागांचे वीजवाटप एसएनडीएल या खासगी कंपनीकडे गेले आणि ९ सप्टेंबर २०१९ रोजी ते पुन्हा महावितरणकडे आले. बिलावरचे नाव बदलले, माणसे बदलली. पण दर तोच राहिला, कारण तो आयोगाचा होता. दाद मागण्याचे नियमही तेच राहिले. दुकानदार बदलला म्हणून ग्राहकाचा हक्क बदलत नाही.

कॅलेंडरवरच्या दोन ओळी

त्याच मुक्कामात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या शिवारातली डीपी जळाली. सात विहिरी बंद पडल्या. ऊन असे की सकाळी पाणी दिलेली आळी दुपारी भेगाळत. कुणीतरी निरोप आणला की ट्रॅक्टर लावून डीपी घेऊन या आणि वर्गणी काढा, म्हणजे लवकर होईल. हा निरोप कुणाचा, कोणत्या कार्यालयाचा, ते लिहिण्याचे कारण नाही. असे निरोप कुठल्याही गावाला नवे नाहीत.

घरधन्यांनी खिशात हात घातलाही होता. सूनबाई म्हणाल्या, "थांबा जी. आधी अर्ज देऊ." मुलाच्या वहीतला कागद फाडला. डीपी कोणती, कधी बंद पडली, कोणाकोणाचे पंप तिच्यावर, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक, आणि बागेला पाण्याची किती तातडी आहे, एवढेच लिहिले. सात सह्या झाल्या. सकाळी कार्यालयात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी तारखेच्या चौकोनात लिहिले, "संध्या. ६, लाइन गेली."

डीपी आली ती चौथ्या दिवशी संध्याकाळी. शेवटच्या दोन दिवसांत बरीच बारीक फळे गळून झाडांखाली पडली होती. ती काही परत झाडाला लागणार नव्हती. पण ट्रॅक्टरचे भाडे गेले नाही, वर्गणी गेली नाही, आणि कॅलेंडरवर दुसरी ओळ आली, "संध्या. ६, लाइन आली." मधे ९६ तास गेले होते. ४८ नियमाचे वजा केले तरी ४८ उशिराचे उरले. ताशी ५० धरले तर एका पंपामागे २,४०० रुपये. आबाजींनी बोटांवर हिशेब दोनदा केला आणि म्हणाले, "साताचे किती होतात वो, सूनबाई?"

त्यांनी सातही जणांचा भरपाईचा अर्ज तयार केला. शिक्क्याची प्रत आणि कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला. मी निघताना त्या विचारीत होत्या, "भाऊ, ते वनामतीतलं बोलावनं आता कधी येईन? पेपरात येते म्हनता, तं कोनत्या पानावर पाहाचं?"

शेतकरी बंधूभगिनींनो, तुमच्या घरीही एक खिळा असेल आणि त्याला बिले अडकवलेली असतील. ती काढून एका वहीत तारखेने लावा. पंपाचा मंजूर भार, मीटरचे रीडिंग, ठेवीचे व्याज ही तीन घरे आजच तपासा. लाइन गेली की वेळ लिहा, आली की वेळ लिहा. तक्रार तोंडी न करता लेखी करा आणि पोच घ्या. आणि पुढच्या वेळी दरवाढीची जाहीर सूचना पेपरात दिसली की पान उलटू नका. गावातले चारजण मिळून एक हरकत लिहा आणि एकाला सुनावणीला धाडा. बाजारात माल नेल्यावर वजनकाट्याजवळ आपण स्वतः उभे राहतो, दुसऱ्यावर सोपवीत नाही. विजेचा काटा वर्षानुवर्षे आपल्या पाठीमागे तोलला गेला. आता तिथेही आपले कुणीतरी उभे असायला हवे.